ओट्यालगतचा केना

मोतीबिंदूची पट्टी सुटली आणि यशोदाबाईंना आधी जगाचा रागच आला. जे ते उगाच इतकं लख्ख दिसायला लागलं होतं की नको वाटावं. हितेंद्रच्या घराच्या भिंती त्या आजवर लोण्याच्या रंगाच्या समजत होत्या. त्या निघाल्या पांढऱ्याफट्ट. पंख्याच्या पात्यांवरची धूळ दिसली, कढईच्या कडेला चिकटलेलं जुनं तेल दिसलं, सुनेच्या, डिंपलच्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली. स्वतःचे हात दिसले तेव्हा तर त्यांनी ते पदराखालीच घेतले. बोटांच्या पेरांत मातीच्या रेघा बसलेल्या होत्या. असोद्याचं वावर पुतण्याकडे बटईने देऊन त्या जळगावात लेकाकडे राहायला आल्या त्याला वर्षं उलटली, पण रेघा होत्या तिथेच होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची कपबशी घेऊन त्या ओट्यावर येऊन बसल्या. पलीकडे महामार्गावर सावद्याकडून आलेले केळीचे ट्रक हॉर्न देत चालले होते. ओट्याच्या कडेपासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत आणि लांबीला थेट फाटकापर्यंत मातीची एक पट्टी होती, फरशी घालायची राहून गेलेली. वरच्या टाकीचं पाणी तिच्यात ठिबकायचं, त्यामुळे श्रावणात ती हिरवीगार झाली होती. त्या हिरव्यात एक निळा ठिपका होता. यशोदाबाईंना आधी वाटलं, फुटक्या बांगडीचा तुकडा असेल. मग वाटलं, गोळीच्या पाकिटाचा चुरगळलेला कागद. तेवढ्यात एक मुंगी त्या निळ्यावर चढली, काठाकाठाने फिरली आणि आत उतरली. बांगडीच्या तुकड्याला आत कुठून असणार? चहा निवत गेला. कपबशी हातात तशीच राहिली आणि यशोदाबाई त्या निळ्याकडे बघत बसल्या. अगं बाई, एवढं निळं असतं?

वाकून बघायची सोय नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. तपासून मोकळं करेपर्यंत ताठ बसायचं. उभ्या जन्मात ही बाई कधी ताठ बसली नव्हती. जमीन समोर असावी आणि आपण तिच्यापासून कंबरभर वर असावं, याची त्यांना सवयच नव्हती. पण वाकता येत नव्हतं म्हणूनच त्या बघत राहिल्या, हेही खरं. दुपारी जेवून परत ओट्यावर आल्या तर निळं गायब. जागा तीच, हिरवंही तेच, ठिपका मात्र पुसून टाकल्यासारखा. डोळ्यात बसवलेलं भिंग सरकलं की काय? का भलतंसलतं दिसायला लागलं? हितेंद्रला सांगावं तर तो लगेच दवाखान्यात नेणार, आणि सगळे म्हणणार, म्हातारीचं ऑपरेशन फसलं. संध्याकाळभर त्यांनी एक एक वस्तू निरखून खात्री करून घेतली. देवघरातली समई, कॅलेंडरवरची तारीख, टीव्हीखालून सरकत जाणारी अक्षरं, सगळं जागच्या जागी होतं. निळं तेवढं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तोंड धुवायच्या आधी त्या ओट्यावर गेल्या तर ठिपका हजर. शेजारी आणखी एक. आता मात्र त्यांना राहवलं नाही.

"डिंपल, ए डिंपल, इकडे ये व जराशी. तठी निळं दिसतं ते तुलेबी दिसतं का?"

डिंपल डब्याची पोळी तव्यावर टाकून धावत आली. सासूने अशी हाक यापूर्वी कधी मारली नव्हती, त्यामुळे तिला वाटलं काही तरी झालं. "दिसतंय ना आई. फूल आहे." तिने खाली बसून मोबाइलवर फोटो काढला, दोन बोटांनी मोठा केला आणि यशोदाबाईंच्या समोर धरला. दोन निळ्या पाकळ्या वर उभारलेल्या, सशाच्या कानांसारख्या. मध्ये पिवळं काही तरी चमचमणारं, खाली वाकलेला एक तंतू. आणि हे सगळं बाहेर आलेलं कुठून, तर तान्ह्याच्या टोपड्यासारख्या दुमडलेल्या एका हिरव्या पानातून. "किती गोड आहे!" डिंपल म्हणाली. पण यशोदाबाई फुलाकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर फुलामागच्या पानावर गेली होती. अंड्याच्या आकाराचं, जाडसर, कडेला लव असलेलं पान. अंधारात नुसत्या बोटांनी चाचपडलं असतं तरी त्यांनी ते ओळखलं असतं. "अव माय," त्या म्हणाल्या, "हा तं केना हाये!" आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. तव्यावरची पोळी करपली ती करपलीच.

केना. जन्माचा वैरी. कपाशीत केना, केळीत केना, उडदात केना. दुसरं तण उपटून तिथंच टाकलं तर उन्हाने मरतं. केन्याला गाठीगाठीला मुळं फुटतात. तुकडा राहिला तरी चार दिवसांत पुन्हा हिरवा. म्हणून केना उपटायचा, ओच्यात भरायचा आणि वावराबाहेर गाडवाटेवर नेऊन टाकायचा, बैलगाडीच्या चाकाखाली. लग्न होऊन असोद्याला आल्या तेव्हा सासूने त्यांना निंदणी शिकवली, आणि शिकवलं ते एवढंच की तण फुलावर येऊ द्यायचं नाही. फूल दिसलं म्हणजे बी पडलंच समज, आणि ज्या वावरात तण फुललं त्या घरच्या बाईचं गावात नाव निघालंच समज. नवी सून शेतात काय करते हे लोक चुलीवरून नाही, बांधावरून बघायचे. यशोदाबाई शिकल्या, आणि अशा शिकल्या की पुढे असोद्यात म्हण पडली, यशोदाबाईचं वावर म्हणजे सारवलेलं अंगण. दोन पानांवर आलेलं तण त्या ओळखायच्या. हा माठ, ही घोळ, ही भुईआवळी, ही घेटुळी. दोन पानांवर ओळखायचं आणि तिसरं यायच्या आत उपटायचं. बायकांची ओळ लागायची, एकीला निंदायला पिकाच्या ओळींमधलं एक तास, आणि तोंडं गप्पांत असायची. कुणाची सासू, कुणाची सोयरीक, कुणाच्या नवऱ्याचे पराक्रम. हात खाली आपले आपण चालायचे. हाताला सांगावं लागायचं नाही, विचारावंही लागायचं नाही. दिवस मावळता मागे वळून बघितलं की काळी जमीन साफ, आणि कडेला उपटलेल्याच्या ढिगल्या, मुळं एका बाजूला, शेंडे एका बाजूला. त्या नजरेचं सुख यशोदाबाईंना मंगळसूत्रापेक्षा मोठं होतं, आता खोटं कशाला बोला. पण केना फुलतो कसा हे त्यांना ठाऊक नव्हतं. कधी दिसलाच नसेल असं नाही. बांधाकडेला, विहिरीच्या पाटाला फुलत असेलच. पण निळं दिसलं की हात आधी पोचायचा. डोळा पोचेपर्यंत तिथे काही उरलेलंच नसायचं.

मग त्यांना बघायचं वेडच लागलं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तसं झालं. एवढी वर्षं गावोगावच्या देवांना जाऊन आल्या, मनुदेवीचा धबधबा पाहिला, आणि ओट्याखाली हे असं चाललेलं. केन्याच्या टोपड्यातून सकाळी एक फूल बाहेर यायचं, दुपारच्या आत विरघळल्यासारखं होऊन पुन्हा टोपड्यात जायचं. पुढे कधी त्याच टोपड्यातून दुसरं. म्हणजे डोळा खोटा नव्हता, फूलच पाहुण्यासारखं येऊन जात होतं. डिंपल सकाळी डबे करून झाले की पाच मिनिटं ओट्याखाली बसायला लागली. यशोदाबाई वरून पान ओळखायच्या आणि डिंपल फूल शोधायची. "ती बघ भुईआवळी, तिले फूल कुठून असन?" तर डिंपलने फांदी उलटी केली, आणि पानांच्या पोटाशी, खालच्या बाजूने, ओळीने टांगलेली हिरवट पांढरी फुलं निघाली, बाजरीच्या दाण्याहून लहान, प्रत्येकाला मोजता येतील अशा पाकळ्या. घेटुळी जमिनीवर पसरलेली, धुळकट, जनावरंही ओलांडून जातील अशी. तिचं फूल मोबाइलवर मोठं केलं तर नवरीच्या शालूचा गुलाबी रंग. कुणासाठी? हा प्रश्न यशोदाबाईंना सुचला आणि सुटेना. बघणारं कुणी नसताना एवढा कलाकुसरीचा खटाटोप कुणासाठी चालला होता? डिंपलच्या मोबाइलमध्ये फोटोवरून झाडाचं नाव सांगायची सोय होती. तो भलती भलती विलायती नावं सांगायचा. एकाच केन्याला सकाळी एक नाव, उन्हात फोटो काढला तर दुसरं. एकदा तर म्हणाला, हे घरात लावायचं शोभेचं झाड आहे. "अरे तुह्या घरात लाव मग," यशोदाबाई मोबाइलला म्हणाल्या, आणि दोघी अशा हसल्या की हितेंद्र आंघोळ अर्धवट टाकून बघायला आला. हसून झाल्यावरही छातीत काही तरी थरथरत राहायचं. देवळात घंटा वाजवून झाल्यावर कानात राहतं तसं. आपण ज्याला जन्मभर नुसतं तण म्हटलं, त्यातल्या एकेकाकडे एवढं होतं. आणि ते आपल्या गुडघ्याखाली होतं.

अशात एका रविवारी झिपरू मिस्तरी टेप घेऊन आला. हितेंद्रचं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान होतं, आणि इतकी वर्षं लोकांच्या गाड्यांचं सामान विकून त्याने यंदा स्वतःची गाडी बुक केली होती. दसऱ्याला ती दारात येणार होती. तिला जागा हवी म्हणून ओट्यापासून भिंतीपर्यंत, फाटकापर्यंत, सगळी पट्टी खोदून सिमेंटचा कोबा करायचं ठरलं. मिस्तरी केन्यावर पाय देऊन उभा राहिला आणि टेप ताणून म्हणाला, "हे गवत काढी टाकू, खडी टाकू, एका दिवसाचं काम हाये." यशोदाबाई ओट्यावर बसल्या होत्या. बोलायला हवं होतं, पण काय बोलणार? लेकाच्या घरात त्यांनी आजवर काही मागितलं नव्हतं. भाजीत मीठ कमी असलं तरी मागितलं नव्हतं. आणि मागायचं तर काय, तण? असोद्याच्या यशोदाबाईने म्हणायचं, माझ्यासाठी तण राहू दे? सासू वर बसून ऐकत असेल तर तिथूनच खुरपं फेकून मारेल. दिवसभर त्या मनात वाक्य जुळवत राहिल्या आणि मोडत राहिल्या. मिस्तरीची चप्पल उठली तेव्हा केन्याचं एक टोपडं चेपलं होतं. संध्याकाळपर्यंत ते पुन्हा वर आलं. ते वर आलेलं त्यांनी पाहिलं आणि रात्री ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा घास हातात धरून त्या बोलल्या.

"हितू, तठी ओट्याजवळ हातभर जागा राहू दे ना रे. कोबा नको करू तेवढ्यात."

"का? तुळस लावायची का?"

"तुळस नाही. जे हाये तेच."

"जे हाये ते म्हणजे?" हितेंद्रने डिंपलकडे बघितलं. डिंपल ताटात बघत हसू दाबत होती. "माय, तिथं नुसतं तण आहे. तू तणासाठी सांगू राह्यली? तू? एक केना सुटला म्हणून तू मला बांधावर उभं केलं होतं, आठवतं ना? बठ्ठ्या बायांसमोर!"

"आठवतं."

"मग?"

"मग काय! तवा मी त्याले फुललेलं पाह्यलं नव्हतं," यशोदाबाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. ऑपरेशनचा डोळा जरा जास्तच. हितेंद्र घाबरला. रडू नको, डॉक्टरांनी सांगितलंय, वगैरे म्हणाला. मग भाकरी कुस्करता कुस्करता म्हणाला, "हातभर ना? राहू दे हातभर. गाडी तेवढी पुढे घेऊ. आजपर्यंत दुसरं मागितलं तरी काय तू."

यशोदाबाईंना त्या रात्री शांत झोप लागली. दोन दिवसांनी डॉक्टरांनी बॅटरी लावून डोळा बघितला, जवळचं बघायला चष्मा दिला आणि म्हणाले, "आजी, मोकळ्या झालात. वाका, बसा, काय वाटेल ते करा." काय वाटेल ते! दुसऱ्या दिवशी मिस्तरी यायचा होता. त्याच्या आधी आपल्या हातभर जागेजवळ जाऊन बसायचं, एकेक फूल चष्म्यातून अगदी जवळून बघायचं, असं ठरवून त्या सकाळीच ओट्यावरून उतरल्या. गुडघे कुरकुरले, पण उकिडवं बसल्यावर अंगाला जे बरं वाटलं ते सांगता येत नाही, माहेरी आल्यासारखं. मातीचा ओला वास नाकाशी आला. केन्याला तीन टोपड्यांत निळं आलं होतं. चष्मा नाकावर ठेवून त्या पुढे झुकल्या, तेवढ्यात शेजारच्या फाटकातून इंदिराबाई आल्या. या इंदिराबाई धुळ्याकडच्या, आणि बोलायला लागल्या की त्यांना थांबवणारा अजून जन्माला यायचा होता.

"काय व अक्का, तुमना डोया बरा शे ना आते?"

बरा आहे म्हटलं, मग डॉक्टर कोण, चष्म्याची काडी घट्ट आहे का, इथपासून गप्पांची गाडी कुठून कुठे गेली. इंदिराबाईंच्या सुनेचं बाळंतपण माहेरी करायचं का इथे, व्याही काय म्हणाले, विहीण काय म्हणाली, डाळ भिजत घातली की कसा लाईट जातो, वांगी यंदा भरताला कशी मिळत नाहीत. यशोदाबाई हसत होत्या, मध्ये मध्ये आपलंही घालत होत्या. किती दिवसांनी असं उकिडवं बसून बोलणं होत होतं. समोर बाई, खाली माती, पाठीवर कोवळं ऊन. गप्पा रंगल्या आणि यशोदाबाई बसल्या बसल्या पुढे सरकत राहिल्या, जरा इकडे, जरा तिकडे. इंदिराबाई पदराने तोंड पुसून उठल्या आणि जाता जाता कौतुकाने म्हणाल्या, "तुमना हात म्हणजे हात शे अक्का. बोलता बोलता बठ्ठं साफ करी टाकं!"

यशोदाबाईंनी खाली बघितलं. पट्टी साफ होती. ओट्यापासून फाटकापर्यंत काळी माती, एक काडी शिल्लक नाही. भिंतीच्या कडेला ढिगल्या लागल्या होत्या, नीट, मुळं एका बाजूला, शेंडे एका बाजूला, मुळांची माती झटकलेली. भुईआवळी उलटी पडली होती. घेटुळी मानेशी तुटलेली. आणि उजव्या मुठीत केना होता, मुळासकट, त्याची तिन्ही निळी फुलं अजून उघडी. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे त्यांनी हजारदा दुसऱ्यांना ऐकवलं होतं. आता त्या आपल्या मुठीकडे बघत राहिल्या आणि त्यांना हाताची भीती वाटली. हा हात त्यांचा होता, आणि त्याने त्यांना विचारलंच नव्हतं. लेकापुढे तोंड उघडून आयुष्यात पहिल्यांदा काही मागावं, ते मिळावं, आणि आपल्याच हाताने असं करावं? रडू येईना. त्या केना परत खोचायला गेल्या. मातीत बोटाने खळगा केला, मुळं सारखी करायला दांडा चष्म्यासमोर धरला आणि थांबल्या. मुळांत आणखी काही तरी होतं. पांढरे दोरे. तेही ओळखीचेच, केना उपटला की ते बरोबर येतात, बायका झटकून टाकतात, मुळंच ती. पण मुळाला टोक असतं. या दोऱ्यांच्या टोकाला टोपडी होती. वरच्यासारखीच दुमडलेली, तेवढीच नीटस, फक्त पांढुरकी, मातीने माखलेली, कधी वर न आलेली. यशोदाबाईंनी अंगठ्याचं नख घालून एक टोपडं हलक्या हाताने उकललं. आत फूल होतं. मिटलेलं, रंग नसलेलं, तिळाएवढं. दुसरं उकललं तर त्यात फूल होऊन गेलेलं आणि त्याचं बी धरलेलं, गच्च. बाकीचे दोरे मध्येच तुटले होते, त्यांची टोपडी खाली मातीतच राहिली होती.

त्या मातीत बसूनच राहिल्या. वरचं फूल कुणासाठी हा प्रश्न त्या महिनाभर चघळत होत्या. मुंगीसाठी असेल, माशीसाठी असेल, गेलाबाजार एखाद्या म्हातारीच्या नव्या डोळ्यासाठी असेल. पण हे? याला ऊन नको, वारा नको, मुंगी नको, बघणारा नको. उघडायचंच नाही, तरी फुलायचं. वर कुणी काय करतं याची त्याला पर्वाच नाही. असोद्याच्या वावरात त्या मान मोडून निंदत होत्या, दिवस मावळता मागे वळून साफ जमीन बघत होत्या, आणि त्या साफ जमिनीखाली सगळीकडे, तासातासांत, त्यांच्या पावलांखाली, हे चाललं होतं. सासूच्या काळी चाललं होतं. तिच्या सासूच्या काळी. फुलाआधी उपटलं असं त्या समजत होत्या. 'फुलाआधी' असं काही नव्हतंच. हात जोडावेत असं वाटलं, पण कुणाला जोडायचे ते कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही तळवे मातीवर टेकवले. माती गार होती, ओली होती, आणि तिच्यावर काही म्हणता काही नव्हतं.

फाटक वाजलं. झिपरू मिस्तरी आला होता, हातात दोरी आणि खुंट्या. घरातून हितेंद्र पायात चपला सरकवत बाहेर आला, साफ पट्टी बघून उंबऱ्यातच थबकला आणि मग हसला. "घ्या! मला वाटलंच होतं, तुझ्याच्याने राहवणार नाही. बरं केलं माय. आता काही ठेवायचं उरलंच नाही, तर सगळ्यातच कोबा करून टाकू ना?"

मागून डिंपल आली. तिने ढिगल्या पाहिल्या, सासूचे मातीत टेकलेले हात पाहिले आणि तोंडावर पदर घेतला. मिस्तरीने पहिली खुंटी ओट्याला टेकवली आणि दोरी ताणायला तो फाटकाकडे निघाला.

"झिपरूभाऊ, थांबा," यशोदाबाई म्हणाल्या. आवाज इतका ठाम होता की त्यांनाच तो सासूचा वाटला. "दोरी काढा. हातभर नाही. इथून ते पार फाटकापर्यंत, एक घमेलं खडी पडू द्यायची नाही."

"अगं पण गाडी?" हितेंद्र म्हणाला.

"गाडी रस्त्यावर उभी कर."

हितेंद्रने त्या उघड्या, काळ्या, रिकाम्या मातीकडे बघितलं. मिस्तरीनेही बघितलं. "माय, इथं आता काय आहे?"

"तू पाय काढ आधी," यशोदाबाई म्हणाल्या. "फुलांवर उभा हाये तू."